स्टेपनी

पप्पांनी डेपोतली जुनी लॉगशीट उलटी केली
आणि कोऱ्या बाजूवर तीन कॉलेजांची नावं लिहिली.
वडाळ्याला एकवीस वर्षं बसच्या पोटाखाली गेलेला माणूस,
बेसबॉलमधलं त्यांना एवढंच कळतं
की मी कॅचर आहे, म्हणजे मीही उकिडवीच बसते.
"हॉर्न सगळेच वाजवून बघतात," ते म्हणाले,
"तू स्टेपनी विचारून घे."

मुलुंडला काचेच्या कपाटात ढाली, ढालींवर धूळ नाही.
सरांनी चहा मागवला, बिस्किटंही.
पूर्ण फी माफ, दोन ट्रॅकसूट, हजेरीचं आम्ही बघू.
कॅचर किती आहेत, मी विचारलं.
"तीन!" ते म्हणाले,
घरात तीन फ्रीज असल्यासारखे.
तिसरी बाहेर नेटजवळ बसली होती,
दीप्ती वैती, वर्सोव्याची, दुसऱ्या वर्षाला.
पॅड बांधलेले, कपाळावर घामाचा थेंब नाही.
खेळायला मिळतं?
"सराव छान होतो इथे," ती म्हणाली
आणि पॅडचा पट्टा सोडून पुन्हा लावला.

दुसऱ्याचं नाव सांगत नाही.
जिमखान्याची किल्ली शिपायाकडे
आणि शिपाई पतपेढीत.
पाऊण तास आम्ही जिन्यात बसलो.
माहितीपत्रकावर एक मुलगी हवेत झेपावलेली,
नीट पाहिलं तर तिच्या पाठीवरचा सात उलटा.
फोटोच उलटा छापलेला.
पप्पांनी लॉगशीटवर काहीतरी टिपलं,
मला दाखवलं नाही.

चेंबूरच्या मैदानातून एक पायवाट तिरकी जाते.
भाजीची पिशवी घेऊन कुणी आलं
की पिचर हात खाली करून थांबते.
राइट फील्डला पाण्याची टाकी,
टाकीला लागला तर दोन बेस, हा इथला कायदा.
अकरा मुली. तीन बॅटी,
एकीच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
आणि त्यांची कॅचर, तस्नीम,
बॅट फिरली की डोळे मिटून घेत होती.
मला बघवेना.
लोबो मॅडमनी ते ओळखलं असावं,
त्यांनी मास्क माझ्याकडे फेकला. "बस जरा."

बसले.
टीममध्ये एकटी कॅचरच उलट्या दिशेला तोंड करून असते,
बाकीच्या सगळ्या जणी तिला समोरून दिसतात.
कोण टाच उचलून उभी आहे, कोण घराकडे बघतेय,
चूक झाल्यावर कोण कुणाकडे बघतंय.
इथे चुकलेली मुलगी हसत होती,
आणि बाकीच्या तिच्या आधी.

"फी अर्धीच माफ," मॅडम म्हणाल्या.
"पाच जणी यंदा पास होऊन जातील.
पुढच्या वर्षी टीम असेल, असं लिहून देत नाही.
बारावीला किती? बरं.
गुडघा गेला तर काय शिकणार?"
हे कुणीच विचारलं नव्हतं.
"भूगोल," मी म्हणाले, आणि माझी मीच दचकले.

मग मी स्टेपनीचं विचारलं.
त्यांना आधी कळलं नाही, मग खूप हसल्या.
"नाहीये गं. पंक्चर झालं की उतरून ढकलतो."

सराव संपल्यावर त्यांनी बॉल मोजले. एक कमी.
अंधार पडेपर्यंत अकराही जणी गवत चाळत राहिल्या.
शेवटी पप्पा टाकीखाली शिरले,
सवयीने, पाठीवर,
आणि आतूनच बॉल वर धरला,
नट सापडल्यासारखा.

रात्री मी लॉगशीट पाहिली.
मुलुंडपुढे सगळीकडे बरोबरच्या खुणा.
दुसऱ्यापुढे एकच शब्द : किल्ली.
चेंबूरपुढे शेरा नाही, फक्त भागाकार,
अर्धी फी भागिले एका जादा पाळीचे पैसे.
उत्तर सोळा.
बाकी उरत होती, ती त्यांनी लिहिली नव्हती.

फॉर्म गुरुवारपर्यंत द्यायचाय.
मुलुंडचा ट्रॅकसूट निळा आहे, आणि मला निळा आवडतो.
डावा तळवा अजून ठणकतोय.